आंधळ्या कुत्र्याला विहीर आणि झटका तारेपासून कसं सांभाळायचं?

वावरातलं_घर (दारव्हा)
आमचा भुऱ्या गोचीड तापातून वाचला, पण दोन्ही डोळे गेले. नजर परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही वावरातच राहतो. ओसरी, गोठा, मधलं अंगण त्याला पाठ आहे. पण विहिरीचा कठडा गुडघ्याएवढाही नाही, आणि रानडुकरांना हाकलायला रात्री कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावावीच लागते. साखळीला बांधायचं जिवावर येतं हो, जन्मभर मोकळा फिरलेला जीव आहे. काय करावं?

अकोटवाला
दादा, पह्यले विहीर. कठडा बांधाले वेळ लागते, तवरिक बल्ल्या ठोकून चारी बाजूनं जाळी लावा. खालून फट ठेवू नोका. झटका तारेच्या अलीकडं हातभर अंतरावर तशीच जाळी लावा, म्हणजे नाकाले जाळी लागली का थो वळते. आन् मशीनच वापरा, लाइनचा करंट तारेत कधीच सोडू नोका, जनावर काय अन् माणूस काय, जागीच मरते.
पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) ढीग अंगणातून हटवा. तिचे खुंट बरोबर त्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. दिसत नसलं तरी डोळ्याले जखम होतेच. वखर, डवरा, तिफण ही अवजारं भिंतीले टेकवून एकाच जागी ठेवा.

गोठ्यातली_ताई (वर्धा)
पायरीच्या अलीकडे बारदाना अंथरा, विहिरीच्या जाळीभोवती गिट्टीचा पट्टा टाका. पायाखालची जमीन बदलली की तो थांबायला शिकतो. वासाच्या खुणेसाठी कापूर किंवा निलगिरी तेल वापरू नका, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. पाण्याचं भांडं, जेवणाची जागा हलवू नका. कापूस घरात भरला की वाटा बदलतात. तेव्हा दोरी धरून त्याला नवी वाट फिरवून दाखवा. हात लावण्याआधी नाव घ्या, मुलांनाही सांगा.
डोळा लाल झाला, फुगला, पाणी गळू लागलं तर लगेच दाखवा. आंधळ्या डोळ्यातही काचबिंदू होतो आणि तो फार दुखतो. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

वावरातलं_घर
जाळी बाजारातून आणतो. पऱ्हाटी आजच हलवली. रात्री मात्र काय करू?

गोठ्यातली_ताई
त्याला अंधार-उजेड सारखाच, तो रात्रीही फिरू शकतो. मशीन सुरू करण्याआधी ओसरीत घ्या आणि दारात फळी लावा. साखळी नको. सकाळी मशीन बंद केली की सोडा.