साखरेचे नॅनोकण पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहेतच की!

दादा, साखरेचे नॅनोकण गडचिरोलीच्या खेड्यात कधी पोचणार, असं तुम्ही विचारलंत. गरोदर बाईचं रक्त कमी असलं की सलाईनमधून ते तपकिरी औषध चढवतात ना, आयर्न सुक्रोज? तेच, म्हणजे साखरेचं वेष्टण असलेले लोहाचे नॅनोकण. फेरिक क्लोराईडमध्ये अल्कली घालून लोहाचा साका पाडतात, तो धुऊन साखरेच्या द्रावणात, पीएच चढा (अल्कधर्मी) ठेवून, तापवतात. साखर लोहाच्या काही नॅनोमीटरच्या कणांभोवती बसते, त्यांना गोळा होऊ देत नाही. उघडं लोह शिरेतून दिलं तर विषच! ५ मिलीत १०० मिग्रॅ लोह. मिसळायचं नॉर्मल सलाईनमध्येच, ग्लुकोजमध्ये नाही. फक्त आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच, त्यात लोह कमी नसतानाही हिमोग्लोबिन कमी असू शकतं, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून लावू नये. आधी सिकलसेलसाठीची सोल्युबिलिटी टेस्ट करावी, जमलं तर अंगातला लोहसाठा दाखवणारी फेरिटिन तपासणीही.