दार बंद होईना, हँडल लोंबतंय, खिडकीतून वारा येतोय: लॉक बदलू, बिजागरी बदलू की सगळंच?

उंबरठा:
मंडळी मदत हवीये. आमचं गॅलरीचं दार यूपीव्हीसीचं (म्हणजे कडक प्लास्टिकचं) आहे, डबल काचेचं. हँडल वर उचललं की वरचे खालचे हुक चौकटीत जाऊन बसतात आणि मग चावी फिरवायची, तसलं लॉक. तीनचार महिने हँडल उचलायला जड जात होतं, मला वाटलं सुकलं असेल म्हणून शिवणमशीनचं तेल चावीच्या भोकात सोडलं, आठवडाभर बरं वाटलं आणि मग पहिल्यापेक्षा वाईट झालं. आता दाराला गुडघा लावून दोन्ही हातांनी हँडल उचलावं लागतं. परवा उचलताना कट् असा आवाज आला आणि तेव्हापासून हँडल आडवं राहतच नाही, मान टाकल्यासारखं खाली लोंबतं. बघायला आलेला माणूस पाच मिनिटांत म्हणाला की लॉक गेलंय, आणि जाता जाता असंही म्हणाला की दारच बदला, हे जुनं झालं. दार दिसायला तरी ठणठणीत आहे हो.

शिवाय आणखी दोन दुखणी, एकाच धाग्यात उरकते. एका खिडकीचं हँडल नुसतंच गरागरा फिरतं, खिडकी लागत नाही. दुसरीचा पल्ला बंद केला तरी खालच्या कोपऱ्यात फट राहते, रात्री शिट्टी वाजते. आणि हो, तिसऱ्या खिडकीच्या दोन काचांच्या मध्ये धुकं धरलंय, ते आतून पुसलं जात नाही बाहेरूनही नाही.

यातलं घरी काय करता येईल आणि कशाला हात लावू नये?

सैल_स्क्रू:
ताई, काहीही विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट करा. दार सताड उघडं ठेवा आणि मग हँडल उचलून बघा, चावीही फिरवून बघा.

उघड्या दारात सगळं लोण्यासारखं चालत असेल आणि बंद केल्यावरच जड जात असेल तर लॉकचा काही दोष नाही, दार खाली बसलंय. हुक चौकटीतल्या खाचेत सरळ जायच्या ऐवजी तिच्या कडेला थडकतात. उघड्या दारातही अडकत असेल, तर मात्र मधला गिअरबॉक्स (हँडल फिरलं की हुक हलवणारी लॉकमधली पेटी) किंवा तिला हुकांशी जोडणारी लांब पट्टी गेली असं धरा. एवढी साधी परीक्षा त्या माणसाने केली नाही म्हणजे कमालच आहे.

आणि हँडलवर जोर काढणं आजपासून बंद. थडकलेल्या हुकांचा सगळा ताण शेवटी त्या तळहाताएवढ्या गिअरबॉक्सवर येतो. दार बंद असताना तो तुटला की दार उघडायचं कसं हा नवा प्रश्न, आणि तो फार वाईट प्रश्न आहे.

उंबरठा:
आत्ताच केलं. उघड्या दारात हुक वरखाली छान चालतात, चावीही फिरते. हँडल मात्र तसंच लोंबतंय. बंद करून बघितलं तर खालचा हुक घासतोय, चौकटीतल्या धातूच्या पट्टीवर चकचकीत ओरखडा पडलाय. एक गंमत सांगू का, सकाळी जरा तरी हलकं जातं, दुपारी दारावर ऊन आलं की अजिबात नाही.

पाना_पक्कड:
दुपारची गंमत म्हणजे प्लास्टिक तापून फुगतं. यूपीव्हीसी एका मीटरला एका अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. दोन मीटरचं दार तीस अंशांनी तापलं की चार मिलिमीटरची वाढ झाली, आणि हुकाला खाचेत जागा तेवढीही नसते. गडद रंगाचं दार तर आणखी तापतं. त्यामुळे जे काही ॲडजस्ट कराल ते भर दुपारी करू नका आणि गारठ्यातही नको, मधल्या वेळेला करा.

आता दार का बसलं ते. दोन कारणं असतात. एक म्हणजे बिजागऱ्या सैल होणं. बिजागरीवरची प्लास्टिकची टोपी काढली की आत ॲलन कीची (षटकोनी चावीची) भोकं दिसतील, बहुतेक चार किंवा पाच मिलिमीटरची लागते. एका स्क्रूने दार वरखाली होतं, एकाने डावीउजवीकडे, काहींमध्ये चौकटीवर दाबायचाही असतो. अर्धा आटा फिरवा, दार लावून बघा, परत अर्धा. सगळ्या बिजागऱ्या सारख्याच फिरवायच्या, एकच पिळत बसलात तर भार तिच्यावर येऊन तीच तुटेल. उंचीचा स्क्रू फिरवताना दाराखाली लाकडी पाचर देऊन वजन तोलून धरा. कितव्या आट्याला होतं ते कागदावर लिहून ठेवा, परत मागे यायची वेळ येतेच (माझ्यावर प्रत्येक वेळी येते).

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि ते कुणी बघत नाही. काचेच्या दारात पल्ला काटकोनात धरून ठेवायचं काम काच करते. काचेच्या कडेला प्लास्टिकच्या पाचरी असतात, खाली बिजागरीकडच्या कोपऱ्यात आणि वर लॉककडच्या कोपऱ्यात. म्हणजे पल्ल्याचं वजन काचेतून तिरपं बिजागरीवर उतरतं. या पाचरी सरकल्या किंवा बसवणाऱ्याने दिल्याच नाहीत तर लॉककडची बाजू हळूहळू लोंबते, मग बिजागरी कितीही पिळा दोन महिन्यांत परत तेच. ओळखायची खूण म्हणजे बिजागरीकडची फट वरपासून खालपर्यंत सारखी असते पण वरची आडवी फट लॉककडे रुंद होत जाते.

उंबरठा:
वरची फट लॉककडे रुंदच आहे! बिजागरीकडे जेमतेम चावी जाते आणि लॉककडे करंगळी. मग ती काच काढायची का? भीती वाटते.

पाना_पक्कड:
पूर्ण काढायची नाही. आतल्या बाजूने काचेभोवती ज्या पट्ट्या असतात, बीडिंग म्हणतो आपण, त्या काढायच्या. सगळ्यात लांब पट्टीच्या मधोमध बोथट पुट्टीचं पातं घालून हलकेच उचकटा, मधून सुटली की टोकं आपोआप येतात. कुठली कुठे होती ते पेन्सिलीने लिहा, कारण बसवताना उलटा क्रम, आधी आखूड मग लांब. मग लॉककडच्या खालच्या कोपऱ्याखाली पाचर देऊन पल्ला फट सारखी होईपर्यंत उचला, पातळ सळईने काच किंचित सरकवून वरच्या कोपऱ्यातल्या फटीत बसेल तेवढ्या जाडीची प्लास्टिक पाचर सारा. लाकडी नको, ती ओल धरून फुगते.

हे दोघांचं काम आहे, एकाने काच हाताने दाबून धरायची, पट्ट्या निघाल्या की तिला तोलणारं दुसरं काही नसतं. आणि काचेच्या कोपऱ्यावर लोखंड आपटू देऊ नका. टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच मध्यावर बुक्की खाईल पण कडेला टिचकी लागली तरी अख्खी भुकटी होते. मी पाहिलंय, त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

भीती वाटत असेल तर हे एवढंच काम कारागिराकडून करून घ्या, पण त्याला सांगा की काचेच्या पाचरी परत भरून द्या. हे ऐकून त्याचा चेहरा कोरा राहिला तर दुसरा बघा.

सैल_स्क्रू:
लोंबणाऱ्या हँडलचं राहिलंच. तो कट् बहुतेक हँडलच्या पाटीच्या आतली स्प्रिंग तुटल्याचा. आतल्या बाजूने वरखाली दोन स्क्रू असतात ते काढले की दोन्हीकडची हँडलं सुटी होतात. सुटं हँडल हातात धरून फिरवा आणि सोडा, परत जागेवर आलं नाही तर स्प्रिंग गेलीये आणि नुसती हँडलची जोडी बदलून भागतं. काही लॉकमध्ये मात्र स्प्रिंग गिअरबॉक्समध्ये असते आणि हँडल मुळातच ढिलं असतं, म्हणून दोन्ही बाजूंची तपासा.

नवं घेताना मापं महत्त्वाची. दोन्ही हँडलांना जोडणाऱ्या चौकोनी दांडीच्या मध्यापासून चावीच्या सिलेंडरच्या (चावी जिथे घालतो त्या नळकांड्याच्या) मध्यापर्यंत किती, पुष्कळदा ९२ मिलिमीटर असतं पण गृहीत धरू नका. मग दोन स्क्रूंमधलं अंतर आणि पाटीची लांबी रुंदी. दांडी दारांना बहुतेक आठ मिलिमीटरची असते. जुनं हँडलच घेऊन जा, सगळ्यात उत्तम.

गॅलरीतला_मांजरबोका:
दारच बदला म्हणणारा माणूस सगळ्यांच्या नशिबी एकदा येतोच 😀 आमच्याकडे बिजागरीचा एक स्क्रू सैल होता त्यावर असाच सल्ला मिळाला होता.

बाकी एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. वर सगळे बिजागरी आणि पाचरीवर गेलेत, पण खाच फक्त एकदोन मिलिमीटरने चुकत असेल तर चौकटीतली ती धातूची पट्टी सरकवणं सोपं पडतं, काहींना त्यासाठी स्क्रूची लांबट भोकंच असतात. मी तेच केलं, दहा मिनिटांत झालं.

पाना_पक्कड:
एकदोन मिलिमीटर असेल तर हरकत नाही, बोकाशेठ. पण इथे करंगळी जातेय! दार लोंबत राहिलं आणि आपण खाच त्याच्या मागे मागे खाली नेत गेलो तर एक दिवस खाली जागाच संपते. शिवाय खालचा हुक जमवाल, वरच्याचं काय? आधी दार सरळ, मग खाच.

काचेपलीकडे:
खिडक्यांचं मी सांगते, आमच्याकडच्या सगळ्या खिडक्या मीच मार्गी लावल्यात.

गरागरा फिरणारं हँडल: हँडलच्या बुडाची टोपी सरकवली किंवा हँडल आडवं केलं की दोन स्क्रू दिसतात. हँडल काढा, मागच्या चौकोनी दांडीच्या कडा झिजून गोल झाल्यात का बघा. मग तीच दांडी किंवा त्या मापाचा चौकोनी तुकडा (बहुतेक सात मिलिमीटर) भोकात घालून पक्कडीने फिरवा. पल्ल्याच्या कडेचे रोलर (चौकटीत अडकणारे छोटे गोल खुंटे) सरकले तर यंत्रणा चांगली आहे, नुसतं हँडल घ्या. दांडी किती बाहेर येते ते मोजून घ्या, आखूड मिळाली तर नवं हँडलही तसंच फिरत बसेल, मी हा उद्योग केलाय. रोलर हललेच नाहीत तर आतली पट्टी बदलावी लागेल.

फट राहणारा पल्ला: तिथली बिजागरी म्हणजे त्या कात्रीसारख्या घडीच्या पट्ट्या. आधी खोबणीत साचलेली माती ब्रशने काढा, निम्म्या वेळा तेवढंच असतं. मग रिव्हेट झिजून पट्ट्या लडबडतात का बघा. झिजल्या असतील तर जोडीनेच बदलायच्या. माप पट्टीच्या लांबीचं आणि खिडकी बंद असताना मिटलेल्या बिजागरीच्या जाडीचं, ती बहुतेक १३ किंवा १७ मिलिमीटर असते. जाडी चुकली तर पल्ला एक तर बसणार नाही किंवा फट तशीच राहील. वरून उघडणाऱ्या आणि बाजूने उघडणाऱ्या खिडकीच्या बिजागऱ्या वेगळ्या, आणि आग लागली तर जी खिडकी बाहेर पडायची वाट आहे तिला पूर्ण उघडणारीच बिजागरी हवी, साधी लावली तर माणूस मावायचा नाही.

वरच्या मजल्यावर असाल तर हे एकटीने करू नका. पल्ला दोरीने आत बांधा आणि दुसऱ्याला धरायला लावा, डबल काचेचा पल्ला हातावर येतो तेव्हा कळतं किती जड असतो ते.

मधलं धुकं: याचा कडीकोयंड्याशी काही संबंध नाही. दोन काचांमधली सील गेली, आतला ओल शोषणारा मसाला भरून गेला. भोक पाडून सुकवून देतो म्हणणारे भेटतील, पण सील फुटकीच राहते. नुसता काचेचा जोड बदलता येतो, चौकट बिजागरी सगळं तेच राहतं.

सैल_स्क्रू:
तेलाबद्दल. चावीच्या भोकात तेल घालू नये, धूळ धरून त्याचा चिखल होतो, तुमचं आठवड्याने बिघडलं ते बहुधा यामुळेच, दार बसलं होतं ते वेगळं. तिथे ग्रॅफाइटची पूड, पण ओल्या तेलावर ती घातली तर लगदाच होईल, आधी भोक साफ करून कोरडं करा. पट्टीला, हुकांना, रोलरना हलकं तेल चालतं. कडेच्या रबराच्या पट्टीला फक्त सिलिकॉन, खनिज तेलाने रबर फुगतं.

आणि कधी सिलेंडर बदललात तर मध्यापासून दोन्हीकडची मापं वेगवेगळी घ्या, बाहेर हँडलच्या पाटीच्या पुढे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नका. जास्त बाहेर आलेलं सिलेंडर पकडून मोडणं चोराला फार सोपं जातं. जुनं काढताना कडेचा एकच लांब स्क्रू काढून चावी किंचित फिरवायची, आतली जीभ रेषेत आली की अलगद बाहेर येतं. ओढाताण नको.

उंबरठा:
मंडळी, दोन आठवड्यांनी येतेय. हँडल सुटं करून बघितलं, स्प्रिंगचाच तुकडा खाली पडला. जुनं घेऊन गेले, तसंच मिळालं. काचेला हात लावायची हिंमत झाली नाही, कारागीर शोधला, पहिल्याला पाचरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, दुसऱ्याने पट्ट्या काढल्या तर वरच्या कोपऱ्यात पाचर नव्हतीच, खालची एक निसटून मधे आडवी पडलेली. अर्ध्या तासाचं काम. काल दुपारी भर उन्हात एका बोटाने हँडल उचललं, मुलाला बोलावून दाखवलं.

गरागरा फिरणाऱ्या खिडकीत दांडी झिजलेली निघाली, हँडल बदललं. फटीच्या खिडकीच्या खोबणीतून एक मेलेलं झुरळ आणि मूठभर माती निघाली, शिट्टी कमी झालीये पण गेली नाही, रिव्हेट लडबडतायत, जाडी मोजली तर पंधरा येतेय. तेरा घेऊ की सतरा?

काचेपलीकडे:
पट्टी लावून मोजलंत की नजरेने? खिडकी बंद असतानाची जाडी हवी आणि ती बंद असताना मोजता येत नाही, म्हणून पल्ला काढा, कात्री पूर्ण मिटवा आणि तळापासून वरपर्यंत मोजा. नाहीतर जुनी बिजागरीच काढून दुकानात न्या, पण पल्ला बांधून ठेवल्याशिवाय नाही.