दातोंगला एक दिवस पुरेल का?

प्रेषक: सहल समिती
प्रति: मंडळ, सिंगापूर

सप्रेम नमस्कार मंडळी,

बीजिंग सहलीचा कच्चा बेत ठरला आहे. सप्टेंबरमधल्या शाळेच्या सुट्टीत जायचं आणि गणपतीच्या आधी परत यायचं. आतापर्यंत नऊ कुटुंबांनी नावं दिली आहेत. पाच दिवसांतला एक दिवस शान्शी प्रांतातल्या दातोंग शहरासाठी राखला आहे. सकाळच्या गाडीने जायचं, युनगांग लेणी, डोंगराला लटकलेलं देऊळ, लाकडी पॅगोडा आणि जुनं शहर बघायचं, रात्री बीजिंगला परत.

दातोंग यादीत आलं ते पोरांमुळे. वानरराज वुकोंगचा तो व्हिडिओ गेम 2024 मध्ये आल्यापासून घरोघरी शान्शी प्रांतातल्या देवळांची नावं तोंडपाठ आहेत. गेममध्ये दिसलेलं सगळं खरोखर पाहायचंय म्हणे. आपण तरी कधी देवळं बघायला मागे लागलो होतो?

कोणी आधी जाऊन आलं असेल तर कळवा. रविवारपर्यंत तिकिटांचं ठरवायचं आहे.

प्रेषक: माई, बुकित तिमा

अरे बाबांनो, एका दिवसात? पुण्याहून निघून अजिंठा, वेरूळ, दौलताबाद उरकून रात्री घरी जेवायला येणाऱ्यांतले दिसता तुम्ही.

आधी नकाशा उघडा. लेणी शहराच्या पश्चिमेला 16 किलोमीटर. लटकतं देऊळ नेमकं उलट्या दिशेला, हंगशान डोंगरात, साठ-पासष्ट किलोमीटर. पॅगोडा यिंगश्येन गावात, तोही शहरापासून दूर दक्षिणेला. सगळं एका दिवसात कोंबलंत तर गाडीची काच तेवढी बघून याल.

आम्ही बीजिंगला सहा वर्षं होतो. मी दातोंगला तीनदा गेले, त्यातली पहिली खेप अक्षरशः पाण्यात. 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत गेलो होतो. अख्खा चीन त्या आठवड्यात घराबाहेर पडतो. लटकत्या देवळापाशी अडीच तास रांगेत उभे राहिलो, तेव्हा कळलं की आवारात यायचं तिकीट वेगळं आणि वर चढायचं वेगळं, आणि वर चढायचं संपलेलं! खालून मान वर करकरून पाहिलं आणि परतलो. तेव्हा ते तिकीट आधी काढा, मगच बाकीचं ठरवा. ज्यांना जिना चढताना गरगरतं त्यांनी खालीच थांबावं, लाज वाटून घेऊ नये. लाकडी तुळया कड्यात खोचून त्यावर दालनं उभी केली आहेत, वाट एका माणसापुरती आणि कठडा कमरेच्याही खाली. मूळचं देऊळ सन 491 चं. वरच्या एका दालनात बुद्ध, लाओत्से आणि कन्फ्यूशियस शेजारी शेजारी बसलेत. तिघांनी भांडणतंटा न करता एक खोली वाटून घेतली आहे.

आता लेण्यांचं. यासाठी पूर्ण दिवस ठेवा, हात जोडून सांगते.

दातोंगचं जुनं नाव फिंगछंग. सन 398 ते 494 ही उत्तर वेई घराण्याची राजधानी होती. राज्यकर्ते तुओबा, म्हणजे उत्तरेच्या गवताळ मुलखातले घोडेस्वार. त्यांच्यातल्या एका सम्राटाने 446 मध्ये बौद्ध धर्मावर वरवंटा फिरवला. मठ पाडले, भिक्षूंना मारलं. त्याचा नातू गादीवर आला आणि त्याने बंदी उठवली. मग 460 च्या सुमारास तानयाव नावाच्या भिक्षूच्या देखरेखीखाली डोंगरात पाच प्रचंड बुद्ध कोरायला घेतले. हे पाच म्हणजे त्या घराण्यातले पाच सम्राट असं मानतात. मला हा तानयाव फार हुशार वाटतो. पुढे कोणा राजाला मूर्ती फोडायची हुक्की आली, तर घाव स्वतःच्याच आजोबांच्या तोंडावर घालावा लागेल!

हे पाच बुद्ध 16 ते 20 क्रमांकांच्या लेण्यांत आहेत. 20 व्याची पुढची भिंत कधीतरी कोसळली, म्हणून तिथला 13.7 मीटरचा बुद्ध उघड्यावर बसलेला दिसतो. कॅलेंडरवर, चहाच्या डब्यावर, सगळीकडे तोच. सगळे तिथे फोटो काढतात आणि दमून परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. 5 व्या लेण्यात 17 मीटरचा बसलेला बुद्ध आहे. 6 व्यात मधोमध खांब आहे आणि भिंतींवर बुद्धचरित्र, जन्मापासून. आपल्याला गोष्ट माहीत असते, त्यामुळे गाइडशिवाय वाचता येतं.

आणि 8 वं चुकवलंत तर माझ्याशी बोलू नका. दाराच्या कमानीत, आत शिरताना, एका बाजूला महेश्वर आहे. तीन तोंडं, आठ हात, खाली नंदी. समोरच्या बाजूला पाच तोंडांचा, सहा हातांचा देव पक्ष्यावर बसलाय. त्याला कोणी कुमार म्हणतं, कोणी विष्णू. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात आपोआप जोडले गेले. शेजारच्या चिनी आजीबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनीही जोडले. गोबी वाळवंटाच्या वाटेने बौद्ध धर्माबरोबर शंकरही इथवर चालत आला आणि बुद्धाच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहिला. काही लेणी आळीपाळीने बंद ठेवतात, तेव्हा तिथे पोचल्याबरोबर 7 आणि 8 उघडी आहेत का ते विचारा.

गंमत म्हणजे अजिंठ्याची वाकाटकांच्या वेळची लेणी आणि ही, दोन्ही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिकडे वाघूरच्या काठी काळ्या बेसाल्टवर छिन्नी चालत होती, तेव्हाच इकडे वालुकाश्मावर. वालुकाश्म मऊ, त्यामुळे चेहरे भराभर निघाले आणि भराभर झिजलेही. शिवाय दातोंग म्हणजे कोळशाचं गाव. ट्रकांचा रस्ता पूर्वी लेण्यांसमोरूनच जायचा, नंतर तो दूर वळवला.

प्रेषक: अण्णा, टॅम्पिनीस

माईंचा मेल वाचला. लेणी मान्य. पण ‘जुनं शहर’ हा शब्द समितीने खोडावा ही विनंती. मी कामानिमित्त दातोंगला दोनदा गेलो आहे. ती तटबंदी माझ्या नातवापेक्षा थोडीशीच मोठी असेल! गंग यान्बो महापौर असताना, 2008 ते 2013 मध्ये, आतली वस्ती उठवून जुन्या मातीच्या तटाला नव्या विटांचं अंगरखं चढवलं. माणसं गेली उपनगरात, आणि आत उरली कंदील लावलेली दुकानं. त्यापेक्षा त्याच प्रांतातलं पिंगयाव बरं. तट मिंग काळातला, आणि आत लोक राहतात, कपडे वाळत घालतात, भांडतात.

आणि मी शाकाहारी आहे हे समितीने कृपया लक्षात ठेवावं. मागच्या सहलीत चार दिवस केळ्यांवर काढले.

प्रेषक: माई, बुकित तिमा

अण्णा, तटाबद्दल तुमचं बरोबर आहे. मला पण तो नाटकाच्या पडद्यासारखा वाटतो. पण आतला मातीचा गाभा 1372 चा आहे, आणि तटाच्या आत हुआयान मंदिर आहे ना! तिथला ग्रंथालयाचा दिवाणखाना 1038 चा, ल्याव राजवटीतला. ल्याव राज्यकर्ते म्हणजे खितान लोक, सूर्याला मानणारे, म्हणून चीनमधली देवळं दक्षिणेकडे तोंड करून असताना हे पूर्वाभिमुख. आतल्या बोधिसत्त्वांपैकी एकीचे ओठ किंचित विलग आहेत आणि दात दिसतात. देवाने असं हसायची पद्धत नाही तिकडे, म्हणून लोक मुद्दाम तिला बघायला येतात. आणि नऊ ड्रॅगनची भिंत, 1392 ची, 45.5 मीटर लांब. बीजिंगमधली तिच्यापुढे धाकटी बहीण.

नवं किती आणि जुनं किती हे मुलांना तिथेच उभं राहून सांगा. खोट्यातून खरं शोधायला त्यांना मजा येईल, गेमपेक्षा जास्त.

पिंगयावला माझी ना नाही, पण तो वेगळा प्रवास. पाच दिवसांत दोन्ही नको.

प्रेषक: वहिनी, पुंगोल

माझ्याकडून चार कामाच्या गोष्टी.

ज्यांच्याकडे सिंगापूरचा पासपोर्ट आहे त्यांना फेब्रुवारी 2024 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. आपल्यातले निम्मे पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, पण पासपोर्ट भारताचा. त्यांना व्हिसा लागतो. एकाच घरात नवऱ्याला हवा आणि बायकोला नको असंही आहे (आमच्याकडेच). तेव्हा शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

गाड्यांची तिकिटं 15 दिवस आधी सुटतात. जलदगती मार्ग 2019 च्या डिसेंबरअखेर सुरू झाला, आता दोन-सव्वादोन तासांत पोचता येतं. पूर्वी सहा तास लागायचे. पण तिकिटावर ‘दातोंग’ आहे की ‘दातोंग साउथ’ ते नीट बघा, दोन स्टेशनं वेगळी आहेत. मूळ पासपोर्ट जवळ ठेवायचा, झेरॉक्स चालत नाही.

अलीपे या पैसे द्यायच्या मोबाइल ॲपला इथूनच कार्ड जोडून घ्या. भुट्टेवाला सुद्धा मोबाइलवरच पैसे घेतो. सिंगापूरच्या सिमवर रोमिंग घेतलंत तर व्हॉट्सॲप आणि गूगल चालतं, हॉटेलच्या वायफायवर नाही.

अण्णा, केळी नको. शान्शी हा पिठाचा मुलूख आहे, तिकडे भात नाही, नूडल्स. दाओश्याव म्येन करताना आचारी कणकेचा मोठा गोळा हातावर धरतो आणि सुरीने सटासट पट्ट्या थेट उकळत्या पाण्यात उडवतो. मात्र वरचा रस्सा बहुधा डुकराच्या खिम्याचा. टोमॅटो-अंड्याचा मागायचा, आणि अंडंही चालत नसेल तर ‘वो छ्र सू’ म्हणायचं, म्हणजे मी शाकाहारी. एवढ्यावर विसंबू नका, चिनीत लिहिलेला कागद दाखवा, मी सगळ्यांना करून देते. ओटच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या मिळतात, मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या रचलेल्या. त्या आमच्याकडे सगळ्यांना आवडल्या. टेबलावरचं काळं व्हिनेगर ज्वारीपासून करतात, ते वर घातल्याशिवाय खाऊ नका.

प्रेषक: एक सोलापूरकर, वूडलँड्स

ज्वारी म्हटल्यावर गप्प बसवेना.

दातोंगहून आल्या वाटेनेच परत का यायचं? खाली थाययुआन, तिथून शिजियाझुआंग, तिथून बीजिंग अशी जलद गाड्यांची वाट आहे. शिजियाझुआंगला हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची समाधी आहे. 1938 मध्ये काँग्रेसने चीनच्या मदतीला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले. कोटणीस राहिले, खेड्यातल्या फिरत्या इस्पितळात शस्त्रक्रिया करत. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचंही नव्हतं, 9 डिसेंबर 1942 ला डॉक्टर गेले. वय 32.

भैय्या चौकातल्या त्यांच्या घरावरून मी शाळेत जायचो. आता तिथे स्मारक आहे. तिकडचं मात्र अजून पाहिलेलं नाही. पाच दिवसांतले तीन-चार तास मागतोय, जास्त नाही.

प्रेषक: सहल समिती

मंडळी, एवढे मेल मंडळाच्या वार्षिक सभेला पण येत नाहीत.

सुधारित बेत असा. दातोंगला दोन रात्री मुक्काम. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून हुआयान मंदिर आणि नऊ ड्रॅगनची भिंत. तटावर ज्याला जायचं त्याने जावं, अण्णा खाली चहा पितील. दुसरा दिवस पूर्ण युनगांग. तिसऱ्या दिवशी सकाळी लटकतं देऊळ, आणि संध्याकाळी थाययुआनला जाऊन मुक्काम. चौथ्या दिवशी शिजियाझुआंग करून रात्री बीजिंग. म्हणजे बीजिंग आकसलं. चिनी भिंत तरी करायचीच, नाहीतर घरी विचारतील त्याला उत्तर काय द्यायचं?

लाकडी पॅगोडा गाळला आहे.

प्रेषक: माई, बुकित तिमा

गाळलात? मग एवढं तरी ऐका. 1056 चा आहे, उंची 67 मीटरच्या वर, आणि सगळा लाकडाचा. वर चढू देत नाहीत, तळमजल्यावरूनच बघायचा. 1930 च्या दशकात लियांग स-छंग या वास्तुतज्ज्ञाला तो अजून उभा आहे की नाही हेच कळेना. त्याने यिंगश्येनमधल्या ‘सर्वांत मोठ्या फोटो स्टुडिओला’ असा पत्ता घालून पत्र टाकलं, पॅगोड्याचा फोटो पाठवा म्हणून. स्टुडिओचं नावही माहीत नव्हतं. आणि फोटो आला! मोबदल्यात फोटोवाल्याने पैसे नाही, बीजिंगचा चांगला पत्रं लिहायचा कागद मागितला. लियांग 1933 मध्ये स्वतः जाऊन त्याची मापं घेऊन आला.

लटकत्या देवळाहून यिंगश्येन फार लांब नाही. सकाळी लवकर निघालात तर तासभर थांबून संध्याकाळची गाडी गाठता येईल. बघा बाई.

प्रेषक: सहल समिती

माई, साडेसहाला बस सोडतो. उशीर करणाऱ्याने रिक्षा करून यावं, तिकडे रिक्षा नसते हे माहीत असूनही.

मखराचं काम परतल्यावर दोन दिवसांत उरकायचं आहे, थर्माकोल नको असं ठरलेलं आहे, कोणी विसरू नका.

प्रेषक: एक सोलापूरकर, वूडलँड्स

आभार. एक विचारायचं राहिलं. डॉक्टरांच्या समाधीवर काय वाहायचं? हार चालेल का? इथून लिटल इंडियातून नेऊ का?

प्रेषक: माई, बुकित तिमा

हार नको, विमानतळावर अडवतील. तिकडे समाधीवर शेवंती वाहतात, पांढरी किंवा पिवळी. शिजियाझुआंगला उतरल्यावर घ्या. दातोंगहून नेऊ नका, गाडीत माना टाकतील.