मदत हवी आहे : मिशनरी कुटुंबाने विसाव्याचा दिवस टिकवायचा कसा?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

रविवार हा सेवेतल्या कुटुंबाचा सगळ्यात धावपळीचा दिवस. सोमवारी सुटी घ्यावी तर मुलं शाळेत, आणि साचलेले कपडे, बिलं, अहवाल यांतच दिवस मावळतो. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत विसावा धरायचं ठरवतोय. शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्ये, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा शब्बाथ (विसाव्याचा दिवस) संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंतच सांगितलाय (लेवीय 23:32). त्यासाठी रविवारच्या संदेशाची (प्रवचनाची) तयारी गुरुवारी रात्रीच संपवायची. शनिवारचं जेवण शुक्रवारी दुपारीच करून ठेवायचं, नाहीतर घरातल्या बाईचा विसावा ओट्यापाशीच जातो, आणि तो विसावा नव्हेच.

खरी अडचण फोनची. बंद ठेवला तर मृत्यू, अपघात, दवाखाना अशा वेळी लोकांनी गाठायचं कसं? चालू ठेवला तर ‘पाचच मिनिटं’ म्हणत हिशेबापासून तक्रारींपर्यंत सगळं येतं. तेवढा दिवस फोन मंडळीतल्या (चर्चमधल्या) एखाद्या वडिलांकडे, म्हणजे जबाबदार पुढाऱ्याकडे, सोपवून कुणी पाहिलंय का? कोणता निरोप लगेच द्यायचा, हे त्यांना लिहून देता का?

दुसरं म्हणजे, वैयक्तिक वाचनाला बायबल उघडलं की मन आपोआप संदेशाचे मुद्दे काढू लागतं. वही दुसऱ्या खोलीत ठेवून एकच स्तोत्र सावकाश, मोठ्याने तीनदा वाचलं की बराच फरक पडतो. पण घरात लहान मुलं असताना पती-पत्नी दोघांनाही असा दोन-दोन तासांचा एकांत मिळावा, याची वाटणी तुम्ही कशी बसवता? वेळापत्रकासकट सांगाल का?