मुख्तारपत्रावर विसंबू नका

एकांनी लिहिलंय, वडिलांकडून मुख्तारपत्र (त्यांच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) करून घेतलं, आता घोर नाही. थांबा जरा. देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुख्तारपत्र कायद्यानं संपतं. मृत्यूनंतरही तेच. म्हणजे स्मृतिभ्रंश बळावला, की ऐन गरजेला कागद निकामी.

आमच्या आप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा भान शाबूत होतं, पण बँकेतलं खातं एकट्याच्या नावावर. उजवा हात उठेना. डाव्या हातानं नावाचं पहिलं अक्षर काढताना कपाळावर घाम आला, आणि सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत. बँकेचे साहेब घरी येऊन अंगठा घेईपर्यंत दवाखान्याचं बिल मेव्हण्यानं भरलं. खात्याला आईचं नाव वेळेत जोडलं असतं तर एवढं झालं नसतं.

दुसरं म्हणजे बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मालमत्ता मोबदला न घेता दुसऱ्याच्या नावे करून देणं. मुलांच्या नावे राहतं घर करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र (वरचा खर्च वेगळा), म्हणून लोक घाई करतात. करायचंच तर सांभाळाची अट त्यातच लिहून घ्या. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. आमची आई मात्र ठाम, "मी हाय तोवर घर माझंच."

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, साक्षीदार मात्र दोन लागतात. ते आपल्यापेक्षा वयानं लहान बघा. आप्पांचे दोघेही रंकाळ्यावर सोबत फिरणारे, त्यांच्याच वयाचे. एक आप्पांच्या आधीच गेले.