तलप अजून आहे, तरी ‘विजय मिळाला’ अशी साक्ष द्यावी का?

लेथवाला_मकरपुरा

जय ख्रिस्त. बडोद्याहून लिहितोय. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं, पण वडील रिफायनरीच्या कामाला इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, लेथ मशीनवर असतो.

मावा खायचो. इथे त्याला मसाला म्हणतात. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घालून गल्लेवाला, म्हणजे पानटपरीवाला, तळहातावर रगडून देतो. गेल्या पावसाळ्यात तोंड उघडेनासं झालं, घास लहान करून घ्यावा लागायचा. दातांच्या डॉक्टरांनी आरशात गालाच्या आतला पांढरा, ताठ पट्टा दाखवला. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मी सोडला. तेव्हापासून तोंडात घातलेला नाही, हे देवाला साक्षी ठेवून सांगतो.

पण तलप गेली नाही. रात्रपाळीत शेजारच्या मशीनवरचा माणूस पुडी रगडायला लागला की तो प्लास्टिकचा चरचर आवाज कूलंटच्या मोटारीच्या घरघरीतही मला बरोब्बर ऐकू येतो. तोंडाला पाणी सुटतं. मग खिशातलं दोन मिलिग्रॅमचं निकोटीन गम, तंबाखू सोडायला घेतात ते, काढतो.

आमची घरोघरी मराठी प्रार्थनासभा असते. पुढच्या वेळी विषय ‘विजयी जीवन’, आणि साक्ष मी द्यायची आहे, म्हणजे प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. एक बंधू म्हणाले, आधी ते गम टाक, गम म्हणजे अविश्वास. दुसरे म्हणाले, तलप येते असं तोंडाने उच्चारूच नकोस, सैतानाला दार उघडतं. बायबलमधलं रोमकरांस 8:37 मला पाठ आहे, आपण महाविजयी ठरतो. महाविजयी माणसाच्या तोंडाला पुडीच्या आवाजाने पाणी सुटतं का? उभा राहून काय बोलू?

जयजयकार

प्रेज द लॉर्ड ब्रदर! विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खात्री, इब्री 11:1. तलपेकडे बघू नका, वचनाकडे बघा. तोंडाने कबूल करा की झालं, मोकळा झालो. देह मागून येईल. माझं कर्ज असंच फिटलं.

फत्तेगंजची_मावशी

दादा, तुला अरेतुरे केलं तर रागावू नकोस, शाळेत शिकवून सवय लागलीय.

8:37 पाठ आहे म्हणतोस, 8:36 पाठ आहे का? बहुतेकांना नसतं, कारण ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापत नाहीत. तिथे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की तुझ्यामुळे आमचा दिवसभर वध होतो, वधाच्या मेंढरांत आमची गणना आहे. आणि ही ओळ त्याची स्वतःची नाही, स्तोत्र 44 मधली आहे. ते स्तोत्र जिंकलेल्यांचं नाही. लढाईत मार खाऊन परतलेले लोक देवाला विचारतायत की आम्ही तुला विसरलो नाही, मग तू का झोपलास? त्या रडगाण्याला लागूनच ‘महाविजयी’ येतं. वरच्या पस्तिसाव्या वचनात तर क्लेश, छळ, उपासमार, तलवार अशी यादीच आहे, आणि ही सगळी टळली म्हणून विजय असं पौल कुठेही म्हणत नाही. ह्यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाही, एवढीच त्याची खात्री. तुझ्या शेजाऱ्याची पुडी त्या यादीत मी बिनधास्त घालीन.

मग जिंकलं कोणी? कलस्सैकरांस 2:15 काढ. रोमी सेनापती लढाई मारून आला की हरलेल्यांना शहरातून मिरवत नेई. पौल ती मिरवणूक डोळ्यांसमोर ठेवतो आणि म्हणतो, अधिपतींना, म्हणजे दुष्ट आत्मिक सत्तांना, नाडून त्यांचं असं उघड प्रदर्शन ख्रिस्ताने वधस्तंभावर केलं. म्हणजे मिरवणूक त्याची आहे, आपण तिच्यात चालणारे. प्रार्थनासभेत आपण घोटाळा करतो तो इथेच. साक्ष म्हणजे आपलं प्रगतिपुस्तक समजतो, आणि मग त्यात लाल शेरा नको म्हणून तलप लपवायची पाळी येते.

त्या गमवाल्या बंधूंना 1 करिंथकरांस 10:13 वाचायला दे. देव परीक्षेबरोबरच निभावण्याचा उपायही करतो. आता तो उपाय औषधाच्या दुकानात मिळतो म्हणून देवाचा नाही, हे कुणी ठरवलं? पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलाच होता. आणि सोबतीला लूक होता, तो तर वैद्यच.

जयजयकार, तुमचं कर्ज फिटलं त्याचा आनंदच आहे. पण पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारं दुखणं, काढून घे म्हणून देवाला तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा राहिला. त्याच्या कबुलीत काही कमी पडलं म्हणणार का तुम्ही? आपल्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक, मनोरमा, 1921 मध्ये गेली. तीच आईचा उजवा हात होती. रमाबाई स्वतः खंगलेल्या, कानांनी अधू, तरी केडगावला बायबलच्या भाषांतराचं काम चालू ठेवलं. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. त्या हरल्या असं म्हणायची हिंमत माझ्यात तरी नाही.

निवृत्त_ब्रदर

मी नर्सिंगमधला, सयाजी हॉस्पिटलजवळ राहतो. मावशींनी शास्त्राचं सांगितलं, मी देहाचं सांगतो. निकोटीन शरीरातून जायला वेळ लागत नाही, आणि सुरुवातीचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. पण आवाज, वास, जेवणानंतरची वेळ, रात्रपाळी ह्यांना जोडलेली तलप पुष्कळ काळ टिकते. ती मेंदूची जुनी वाट आहे, तुमच्या विश्वासाचा ताप मोजायचा थर्मामीटर नाही. बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरते.

दोन गोष्टी मात्र नीट करा. गम सारखं चावायचं नाही. थोडं चावून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, पुन्हा थोडं चावायचं. चहा प्यायलात तर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. आणि तुमचा जबडा आधीच ताठ आहे, चावून दुखत असेल तर अंगावर चिकटवायचा निकोटीनचा पॅच चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

दुसरं, नुसती सुपारी किंवा सुपारीचा मुखवासही नको. गालात तो ताठपणा मुख्यतः सुपारीने येतो, तंबाखू काढली म्हणून ती सोवळी होत नाही. सोडल्यावरही तोंडाची तपासणी चालू ठेवायची, त्या पट्ट्यांतून कॅन्सरचा धोका राहतो. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, 1800112356.

लेथवाला_मकरपुरा

सुपारीचं ठाऊक नव्हतं. आमच्याकडे सभेनंतर मुखवासाची डबी फिरते, त्यात सुपारी असते.

मावशी, तुमचं पटलं, पण एक अडचण आहे. समोर तरुण पोरं बसतात. त्यातली दोघं-तिघं गुपचूप खातात, मला वास येतो. मी म्हणालो की अजून तलप येते, तर ती म्हणतील, मग प्रभूकडे येऊन फरक काय पडला?

फत्तेगंजची_मावशी

उलट तूच नीट बघ. तू ‘सगळं गेलं’ म्हणालास आणि त्यातल्या एकाने सोडून बघितलं, तर तिसऱ्या रात्री तलप आल्यावर तो काय समजेल? की आपल्यालाच प्रभूने घेतलं नाही. आणि जाईल गल्ल्यावर. तू आधीच सांगून ठेवलंस की येते, मला अजून येते, तेव्हा मी अमुक करतो, तर त्या रात्री तो तुला फोन तरी करेल. फरक हाच सांग की आधी पुडी रगडल्याचा आवाज आला की हात पुढे व्हायचा, आता होत नाही. इफिसकरांस 6 मध्ये शस्त्रसामग्री चढवून शेवटी करायचं काय, तर टिकून उभं राहायचं. आणि हे लिहिणारा पौल स्वतः बेड्यांत होता, विसाव्या वचनात तो ते लपवतही नाही.

गम खिशात ठेव. कोणी विचारलं तर दाखव.

जयजयकार

मावशी, कबुलीबद्दलचं माझं मत मी सोडत नाही. पण तरुणांचा मुद्दा मान्य. ब्रदर, साक्षीनंतर त्या पोरांसाठी वेगळी प्रार्थना ठेवा, सगळ्यांसमोर नावं घेऊ नका.

लेथवाला_मकरपुरा

नावं नाही घेणार. निवृत्त ब्रदर, तुम्ही जवळच आहात तर सभेला याल का? गम कसं ठेवायचं ते तुम्हीच दाखवलं तर पोरं ऐकतील, माझं हसण्यावारी नेतील. आणि डबीत सुपारीऐवजी बडीशेप-धनाडाळ ठेवायला बायकोला सांगितलंय, सभा आमच्याच घरी आहे.