घरातला एक पगार थांबला तेव्हा तुम्ही काय केलंत? (खान्देशकरांचा अनुभव धागा)

जळगाव, पिंप्राळा

यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) चार दिवस आधी आमच्या ह्यांची नोकरी गेली. चटईच्या कारखान्यात अकरा वर्षं सुपरवायझर होते. मशीनं कमी करतोय, एवढंच कारण सांगितलं. पूर्वी सालदाराचं, म्हणजे शेतावरच्या वर्षभराच्या गड्याचं, साल आखाजीला ठरायचं आणि आखाजीलाच सुटायचं. हे घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "माझं साल सुटलं." मला आधी वाटलं थट्टा करताय.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे, हातात 14,000 येतात. घराचा हप्ता 7,800. पोरं नववीत आणि चौथीत.

हा धागा टिप्ससाठी काढलेला नाही. "हॉटेलिंग टाळा" असं कुठे वाचलं की मला हसू येतं. आमचं हॉटेलिंग म्हणजे महिन्यातून एकदा शेवभाजीचं पार्सल, तेही पोळ्या घरच्या. तुम्ही नेमकं काय कापलंत, काय कापून पस्तावलात आणि कोणाला सांगितलंत, हे ऐकायचंय.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिल्या महिन्यात शाळेची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि रुपयान् रुपया लिहिला. किराणा 5,200, दूध 1,950. मला वाटलं होतं, इथेच काहीतरी सापडेल. पण सापडलं ते भलतीकडेच. त्या महिन्यात लग्नं सात. प्रत्येक ठिकाणी आहेराचं पाकीट, दोन ठिकाणी साड्या, चोपड्याच्या आणि सावद्याच्या लग्नाला भाऊबंदांनी केलेल्या गाडीची वर्गणी. बेरीज 6,400. किराण्यापेक्षा जास्त! आणि एकाही लग्नात आम्ही तोंडातून शब्द काढला नव्हता की घरी काय झालंय. उलट हे दोनदा म्हणाले, "पाचशे एक कमी दिसतील, हजार टाक."

त्याहून वाईट म्हणजे हे दीड महिना रोज साडेआठला डबा घेऊन निघत होते. गल्लीत कळायला नको म्हणून. गाडी काढायची, मेहरूण तलावावर जाऊन बसायचं, पाचला परत. मला माहीत होतं, मीच डबा भरून देत होते. एक दिवस डबा घासायला घेतला तर भाजी तशीच आणि पोळ्या गायब. विचारलं तर म्हणाले, "तिथं एक कुत्री व्यालीय." वहीत त्या महिन्याचं पेट्रोल 1,150 लिहिलंय. कुठेही न जाण्याचं पेट्रोल!

आता तुम्ही लिहा.

धुळे, देवपूर

ताई, आमच्याकडे उलटं झालं, म्हणून लिहितो. नोकरी बायकोची गेली. खासगी इंग्रजी शाळेत नऊ वर्षं शिकवत होती, पटसंख्या घटली म्हणून तुकडी बंद केली. पगार 16,500. माझं गॅरेज आहे.

लोक काय म्हणाले सांगू? "बरं झालं, वहिनी आता घराकडे बघतील." जणू ती हौसेला जात होती. माझ्या गॅरेजचा भरवसा नसतो, एखाद्या महिन्यात तीस हजार सुटतात तर पावसाळ्यात बारा. गॅस, लाइट, भिशी, सगळं तिच्या पगारावर चालायचं. माझा पैसा वरचा होता, तिचा पायातला.

दुसरा दणका जूनमध्ये बसला. ती त्याच शाळेत असल्यामुळे मुलीला फी माफ होती. आता पूर्ण फी, 28,000. मग मुलीला अनुदानित मराठी शाळेत घातलं, सहावीला. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गणित छान चाललंय, मराठी लिहिताना अजून रडते. जुनी मैत्रीण वाढदिवसाला बोलावते, आम्ही काहीतरी निमित्त सांगतो. हातात काही द्यावं लागतं म्हणून. हे लिहायला लाज वाटते, पण तुम्ही विचारलंत.

बाकी काटकसर चारचौघांसारखीच. तेलाचा डबा एकदम घेणं बंद केलं, पाकीट आणतो. महाग पडतं हे कळतं, पण डबा भरलेला असला की हात सैल सुटतो.

चोपडा

केबल बंद केली. पोरांनी मोबाइलचं नेट वाढवून घेतलं. फरक शून्य. असो.

भुसावळ

मी जरा लांब लिहिणार आहे, कारण आमची चूक कोणाच्या तरी कामी येईल.

2022 मध्ये नवऱ्याला कंपनीने कमी केलं. कंत्राटदाराकडे होते, चार वर्षं, पगार 18,000. शेवटच्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसाने छापील कागद पुढे केला आणि म्हणाला, "सही करा, हिशोब लवकर निघेल." कागदावर होतं की मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. माझा नवरा भोळा, पेन काढलंच होतं. सोबत असलेल्या एका म्हाताऱ्या फिटरने हात धरला. म्हणाला, "भो, काढताय ते, तू काहून लिहून देतो?"

त्या फिटरचे आमच्यावर उपकार आहेत. ज्यांचा ईएसआय (कामगार विमा) पगारातून कापला जातो त्यांच्यासाठी तेव्हा अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना चालू होती. दोन वर्षं तरी विमा चालू असेल आणि नोकरी गेली, तर सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळायची, आयुष्यात एकदाच. स्वतःहून सोडली अशी नोंद असेल तर मिळायची नाही. आम्हाला दिवसाला 300 च्या हिशोबाने 27,000 च्या आसपास मिळाले. लगेच नाही, चकरा मारून आणि आधार-बँकेच्या नावातला एक काना जुळवून. त्या पैशात तीन महिन्यांचं भाडं निघालं.

पीएफचं पण असंच. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने चढवली नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपल्याला स्वतःच्या लॉगिनमधून टाकता येते. आम्हाला हे कळेपर्यंत नवरा पाच वेळा कंत्राटदाराच्या दारात उभा राहून आला. ग्रॅच्युइटी मात्र नाही, तिला पाच वर्षं लागतात. ज्यांची पाच झालीत त्यांनी सोडू नका, राजीनामा दिलेला असला तरी ती मिळते.

आता कापून पस्तावलो ते. कूलर! आमचं बिल उन्हाळ्यात 300 युनिटांच्या थोडं वर जायचं. 300 च्या पुढे दर चढतो, म्हणून नवऱ्याने ठरवलं की दुपारी कूलर बंद. दर चढतो तो फक्त वरच्या युनिटांचा, सगळ्या बिलाचा नाही, हे त्याने पाहिलंच नाही. भुसावळचा मे महिना, पत्र्याची खोली. चौथ्या दिवशी धाकट्याला उलट्या, सलाईन, 2,300 रुपये. बिलात वाचले असते फार तर तीनशे. अजून त्या गोष्टीवरून आमच्यात बोलाचाली होते.

एरंडोल

जळगावची ताई लिहितेय त्यावरून असं वाटतंय की सगळ्यांना सांगून टाकलं की सुटका. आम्ही सांगितलं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं. किराणावाल्याने वही बंद केली. पंधरा वर्षांची उधारी, कधी महिना चुकवला नव्हता. "रोख द्या वहिनी, सध्या माल रोखीनेच येतो," म्हणे. शेजारणीला मात्र वहीवरच देत होता. दिराचं जमत आलेलं लग्न "दिवाळीनंतर बघू" झालं आणि ते लोक दिवाळीनंतर काही आले नाहीत. लहान गावात तोंड उघडण्याचीही किंमत असते. तुमचे हे तलावावर बसले, मला त्यात काही चुकीचं दिसत नाही. पेट्रोल न जाळता पायी गेले असते तर बरं, एवढंच.

अमळनेर (वय 68)

नातीकडून टाइप करून घेतेय.

आमच्या गावची मिल बंद पडली तेव्हा अख्खी गल्ली एकदम बेकार झाली. म्हणून लाज वाटायला कोणी उरलंच नाही. भोंगा वाजायचा थांबला तर सकाळी कोणालाच उठायची घाई नाही. तुमची पंचाईत ही आहे बाई, की तुमच्या गल्लीत तुम्ही एकट्या.

सासूबाई म्हणायच्या, "पैसा नही शेतस ते का व्हयनं, हात ते शेतस ना?" म्हणायला काय! त्यांचे हात कधीच थकले होते, लाटायचे ते माझे. उडदाचे पापड. पीठ कुटायचं, लाट्या करायच्या, सकाळी चार घरी लाटायला जायचं, किलोमागे मजुरी. चैत्र-वैशाखात गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया. ऐन उन्हात बसून कावळे हाकलायचे. लोक आता म्हणतात घरबसल्या धंदा करा. घरबसल्या काही होत नाही, कंबर जाते. मी वर्षभर केलं तेव्हा पोरांचे दप्तर-कपडे निघाले, घर नाही निघालं. घर निघालं आमचे हे सुरतेला लूमवर गेले तेव्हा.

खायचं म्हणाल तर भाजी महाग झाली की फुणके आणि कढी. तुरीची डाळ भिजवून भरड वाटायची, मिरची-लसूण-कांदा, मुठीने वळून वाफवायचं. ताटात भरपूर दिसतं, पोरं कुरकुरत नाहीत. कळण्याची भाकरी पण तशीच, ज्वारीत उडीद दळून. पिठात डाळ असल्याने नुसत्या ठेच्याबरोबर पोट धरून राहतं. पण नात सांगतेय की आता ज्वारी गव्हाहून महाग मिळते. मग तो गरिबीचा उपाय राहिला नाही, हौसेचा झाला.

शहादा, सध्या पुणे

बायकोला आयटी कंपनीने काढलं, मी टेस्टिंगमध्ये आहे. तीन महिन्यांचा पगार एकरकमी मिळाला. आम्ही शहाणपणा केला, तो सगळा गृहकर्जात भरला. कर्ज कमी झालं की डोकं हलकं होईल असं वाटलं. हप्ता तेवढाच राहिला, फक्त मुदत घटली. चौथ्या महिन्यात खात्यात काही नाही, मग वैयक्तिक कर्ज काढलं, दुप्पट व्याजाने. एकरकमी पैसा हातात आला तर सहा महिने त्याला हात लावू नका, बँकेतला माणूस कितीही गोड बोलला तरी.

सोन्याचं पण सांगतो. आम्ही बायकोची चेन मोडली. घडणावळीचे पैसे परत येत नाहीत हे माहीत होतं, तरी आकडा ऐकून ती दुकानाबाहेर येऊन उभी राहिली. गहाण ठेवली असती तर वर्षात सोडवता आली असती. पुढे तिला नोकरी लागली, पण तोवर भाव कुठल्या कुठे गेला होता.

आणि घरी सांगितलं नव्हतं. पाच महिने. त्याच काळात आप्पांनी बोअर खोल करायला 60,000 मागितले आणि मी ते पाठवले. कर्जातले. नंतर कळल्यावर आप्पा माझ्यावर असे ओरडले, तसे मी दहावीला नापास होता होता वाचलो तेव्हाही ओरडले नव्हते. "बोअर पुढच्या वर्षी केली असती, पपई जळून गेली असती तरी चाललं असतं, तू व्याजाने पैसा आणून माझ्या जमिनीत ओतला?" पाणी लागलं नाही हे वेगळंच.

जळगाव, पिंप्राळा

सगळ्यांचं वाचलं. रात्री ह्यांना पण वाचून दाखवलं. पेट्रोलचं एरंडोलच्या ताईंनी लिहिलंय तिथे हसले.

आहेराचं आम्ही एक केलं. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सगळे भाऊबंद गावी जमतात, तिथे मी जेठांना बाजूला घेऊन सांगितलं की यंदा वर्गणी जमणार नाही आणि दिवाळीनंतरच्या लग्नांना एकच जण येईल, पाकीट एकशे एकचं. जेठ काही बोलले नाहीत. रोटाचे (कानबाईच्या नैवेद्याचे) गहू मोजायला बसले, घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी टाकतात ना, तर ह्यांच्या आणि पोराच्या मुठी आमच्या पिशवीतून न घेता स्वतःच्या पोत्यातून टाकल्या. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि दिवसभर माझ्याशी तुटक वागल्या. एरंडोलच्या ताई, तुमचंही खरं आहे.

भुसावळच्या ताई, तुमचं वाचून ह्यांची फाइल काढली. पत्रात "वैयक्तिक कारणास्तव" असंच छापलंय आणि खाली ह्यांची सही. म्हणजे ते 90 दिवसांचं गेलं. पण वर्षं अकरा झालीत, म्हणजे ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचं मूळ वेतन 13,000 होतं, ते 26 ने भागून पंधरा दिवसांचे पैसे काढायचे म्हणे: वर्षाला 7,500, अकराचे 82,500. ह्यांनी तीनदा बेरीज केली. मागायला जायचं तर त्याच गेटवर जावं लागणार, आणि तिथे वॉचमन आमच्याच गल्लीतला आहे.

सध्या जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेऊन बसलेत. अर्ज मराठीत चालतो का, कोणी दिला असेल तर सांगा.